अंगावरून वारं जाण्याआधी

आमच्या गल्लीतल्या नळाला पहाटे साडेचारला पाणी येते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका पहाटे शेजारचे काका भरलेला हंडा उचलायला वाकले आणि हंडा हातातून सुटला. काकू म्हणाल्या, "झोपेत आहात का?" काका काहीतरी बोलले, पण शब्द कळेनात. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. उजवा हात नुसता लोंबत होता.

बाजारात पोती वाहणारा, धट्टाकट्टा माणूस. वय पन्नाशीच्या आत. गल्ली जमा झाली. कोणी म्हणाले, "अंगावरून वारं गेलं." कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले, कोणी पलीकडच्या वस्तीतल्या झाडपाला देणाऱ्याचे नाव काढले. तेल चोळण्यात, पाहुण्यारावळ्यांना कळवण्यात आणि रिक्षाची वाट पाहण्यात दुपार झाली. इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती वाजता झालं?" पहाटे पाच, असे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प राहिले.

आज काका भिंतीला धरून चार पावले चालतात. बोलणे अर्धेच कळते. काकूंनी धुण्याभांड्याची आणखी दोन घरे धरली आहेत. बारावी झालेली त्यांची मुलगी नर्सिंगला जाणार होती. तिचा अर्ज भरायचा राहिला. घरातला एक हात लुळा पडला आणि तीन माणसांचे आयुष्य अडले.

मंडळी, हा आजार अचानक आला नव्हता. दीड वर्षापूर्वी काकांना कामावर चक्कर आली होती. तेव्हा दवाखान्यात रक्तदाब मोजला तो १७०/१०५ भरला. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. काकांनी दोन महिने ती घेतली, बरे वाटू लागले आणि गोळी बंद केली. "मला काय झालंय? पोती उचलतोय की," असे ते म्हणत. चहाच्या टपरीवर कोणी सांगितले होते की या गोळ्यांची सवय लागते, मग जन्मभर सुटत नाहीत. त्यात गोळ्या आणायच्या म्हणजे दवाखान्याच्या रांगेत अर्धा दिवस जाणार, खाडा पडणार. एकदा तर रांगेतून खिडकीशी पोचल्यावर "गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळाले. पुढच्या आठवड्यात काका गेले नाहीत.

काकांनी गोळी बंद केली ही चूक खरीच. पण सगळी चूक त्यांचीच होती का? हा प्रश्न आम्हाला सोडवत नाही, म्हणून या पानावर हा विषय घेतला आहे.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय हा एक पंप आहे. तो रक्त ढकलतो तेव्हा नळ्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हा जो दाब उरतो तो खालचा आकडा. साधारणपणे १२०/८० च्या आसपासचा दाब चांगला. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून जास्त भरत असेल, दोन्हीपैकी एक आकडा जरी वर असेल, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

जुन्या नळाच्या पाइपात पाणी सतत जास्त जोराने सोडले तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. एखादा सांधा गळतो, एखादा पाइप फुटतो, पंपही लवकर निकामी होतो. शरीरातही तसेच होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते, मग पक्षाघात होतो. हृदयविकाराचा झटका येतो. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. आणि हे सगळे होत असताना वर्षानुवर्षे माणसाला काहीच दुखत नाही. "डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही," हा समज म्हणूनच घातक आहे. रक्तदाब अंगावरून कळत नाही, तो मोजावाच लागतो.

हा 'साहेबलोकांचा आजार' आहे हा दुसरा समज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघरी रक्तदाब मोजला. पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २१.३ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी ते गोळ्या घेत होते. म्हणजे चार-पाच माणसांमागे एक. गडचिरोलीच्या ८६ खेड्यांतील मृत्यूंचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघाले. दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा, आणि बहुतेक माणसे घरातच गेलेली. गडचिरोलीच्या खेड्यात कोणते साहेबलोक राहतात?

मोजायचा कसा?

रक्तदाब मोजण्यातच निम्म्या चुका होतात. जिना चढून धापा टाकत गेलो आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा वर जाणारच. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पाय एकमेकांवर टाकू नयेत. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, पोलक्याच्या किंवा सदऱ्याच्या बाहीवर नव्हे. हात टेबलावर, छातीच्या पातळीत असावा. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहून घ्यावेत.

एकदाच जास्त भरला म्हणून घाबरू नये आणि एकदा बरा भरला म्हणून विसरूही नये. मात्र आकडा १८०/११० किंवा त्याच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सोबत छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे असेल तर एक मिनिटही थांबू नये.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मोजावा. घरात आई-वडिलांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर जास्त वेळा. गरोदर बाईचा तर प्रत्येक तपासणीत मोजलाच पाहिजे, कारण गरोदरपणात वाढलेला दाब आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बहिणींनीही तो तपासून घ्यावा. काही जणींचा दाब त्या गोळ्यांनी वाढतो.

गोळीची 'सवय'

सवय लागते ती दारूची, मिश्रीची. रक्तदाबाच्या गोळीची सवय लागत नाही, गरज असते. चष्मा लावला की अक्षर दिसते, काढला की पुन्हा धूसर. म्हणून कोणी चष्म्याला व्यसन म्हणत नाही. गोळीने दाब खाली आला म्हणजे आजार गेला असे नव्हे, गोळी काम करते आहे असा त्याचा अर्थ. ती बंद केली की दाब हळूहळू पूर्वीच्या जागी जातो, आणि तो गेला हे आपल्याला कळतही नाही.

या गोळ्या महागड्या नाहीत. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा मोजक्याच औषधांवर बहुतेकांचे काम भागते आणि सरकारी केंद्रांत ती फुकट मिळायला हवीत. एका गोळीने भागले नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. आजार हाताबाहेर गेला, असा त्याचा अर्थ नव्हे. वरचा आकडा १० ने उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. एवढ्याशा गोळीची ही कमाई आहे.

कधी त्रासही होतो. अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. अशा वेळी गोळी फेकून न देता डॉक्टरांना सांगावे, ते बदलून देतात. दिवस राहिले असतील किंवा राहण्याचा विचार असेल तर आधी सांगावे, कारण टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. शेजारणीची गोळी आपल्याला आणि आपली शेजारणीला, हा उसनवारीचा व्यवहार साखरेपुरताच ठेवावा.

आणखी एक गोष्ट कष्टकरी माणसांसाठी मुद्दाम सांगतो. कंबर, गुडघे, पाठ दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या आपण रोज घेतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. रोज घ्यावी लागत असेल तर डॉक्टरांना विचारावे.

झाडपाल्याचीही गोष्ट ऐका. सर्पगंधा ही आपल्याच देशातली वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, आकडे मोजून, नोंदी ठेवून १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. जगाने त्याची दखल घेतली आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. झाडपाला आहे म्हणून डॉ. वकिलांनी तो टाकला नाही, आणि झाडपाला आहे म्हणून डोळे मिटून मानलाही नाही. त्यांनी मोजून पाहिले. पुढे त्याहून सोयीची औषधे आली आणि सर्पगंधा मागे पडली. म्हणून आज कोणी पुडीत बांधून देईल ते घेऊ नये. मोजल्याशिवाय मानायचे नाही, एवढा धडा मात्र घ्यावा.

चुलीपाशी

मीठ हा या आजाराचा मोठा मित्र. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर मीठ खावे. आपण त्याहून बरेच जास्त खातो. घरात याचा हिशेब सोपा आहे. पाच मोठी माणसे असतील तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा चाळीस दिवस पुरला पाहिजे. तुमच्या घरी तो किती दिवस पुरतो ते पुडा फोडल्याची तारीख त्यावरच लिहून पाहा. शिवाय बाहेरून येणारे मीठ वेगळेच. फरसाण, वडापाव, पापड, लोणचे, खारे बोंबील, सुकट, बिस्किटे या सगळ्यांत ते दडलेले असते. सैंधव घेतले तरी तेही मीठच.

आम्हाला ठाऊक आहे, कोरड्या भाकरीला चव आणायला गरिबाच्या ताटात मीठ-मिरचीच असते. म्हणून एकदम अळणी खा असे आम्ही सांगत नाही. ठेच्यात मीठ निम्मे करून लिंबू पिळावे, लसूण वाढवावा. भाकरीच्या पिठात मीठ घालू नये. ताटात वरून मीठ घ्यायची वाटीच काढून टाकावी. सुकट करायची तर आधी दोन पाण्यांनी धुवावी. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते. स्वयंपाक वेगळा करू नये, सगळ्या घराचाच कमी मिठाचा करावा. नाहीतर घरातल्या बाईला रक्तदाब असेल तर ती स्वतःसाठी वेगळे कधीच करत नाही, हे आपण सगळे जाणतो.

मिश्री, तंबाखू, बिडी आणि दारू यांबद्दल काय सांगावे? दात घासायला म्हणून घेतलेली मिश्री दिवसातून चार वेळा लावली जाते, तिच्यातही तंबाखूच आहे. तंबाखूने हृदयाचे ठोके आणि दाब दोन्ही वाढतात. दारूने दाब वाढतो आणि गोळीही चुकते.

"आम्ही दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?" असे पुष्कळ जण विचारतात. ओझे वाहणे म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात श्वास कोंडतो आणि दाब चढतो. मोकळेपणाने अर्धा तास भरभर चालणे वेगळे. एक बसथांबा आधी उतरून चालत आले तरी ते होते. आणि झोप हवी. रात्रपाळी, पत्र्याखालचा उकाडा, कर्जाची काळजी यांनी झोप उडते. ही सारी दुखणी गोळीने जाणार नाहीत, हेही आम्ही जाणतो.

गल्लीतला दवाखाना

आता काकांच्या गोष्टीतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. रोजंदारीवरच्या माणसाने दर महिन्याला अर्धा दिवस बुडवून रांगेत उभे राहायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे, असे असेल तर गोळी सुटणारच. म्हणून उपचार माणसाच्या दाराजवळ आणणे हाच उपाय.

महाराष्ट्राला हे नवे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांतल्या अनेक जणी दलित समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याच हातून गाव पुढे औषध घेऊ लागले. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रक्तदाबाच्या बाबतीतही हेच दिसून आले. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांतला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काही वस्त्यांत आरोग्यसेविका दर तीन महिन्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजत, समजावून सांगत आणि गरज असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवत. दोन वर्षांनी या वस्त्यांतला वरचा आकडा इतर वस्त्यांपेक्षा सरासरी ५ ने जास्त उतरलेला होता.

आपल्या देशात २०१७ साली भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले काही जिल्हे घेतले, त्यांत महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यातल्या गोष्टी साध्याच होत्या. सगळ्या केंद्रांत उपचाराची एकच ठरलेली पायरी, ठरलेली मोजकी औषधे, किमान महिन्याच्या गोळ्या एकदम देणे, प्रत्येकाला स्वतःचे नोंदकार्ड आणि जो तारखेला आला नाही त्याला फोन करणे किंवा त्याच्या घरी जाणे. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने या कामाचा गौरव झाला.

म्हणून वाचकांनी आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात काही गोष्टी ठामपणे विचाराव्यात. तिशीवरच्या सगळ्यांची तपासणी व्हायची आहे, ती आमच्या गल्लीत कधी होणार? महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतील का? मी कामावर असताना घरचे कोणी कार्ड दाखवून गोळ्या नेऊ शकेल का? गोळ्या संपल्या तर पुन्हा कधी येणार, त्याची तारीख लिहून द्या. हे विचारताना खिडकीमागच्या माणसावर ओरडू नये, पण उत्तर घेतल्याशिवाय खिडकी सोडूही नये. चार-पाच जणांनी मिळून अर्ज दिला तर तो टाळणे कठीण जाते. उपचार हा उपकार नव्हे, हक्क आहे. आणि दारात येणाऱ्या आशाताईला बसायला पाट द्यावा. तुटपुंज्या मानधनावर ती आपल्यासाठी पायपीट करते.

वेळ आलीच तर

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. यातले एकही चिन्ह अचानक दिसले तर तो पक्षाघात समजावा. 'वारं' वगैरे काही नसते. किती वाजता सुरू झाले ते घड्याळात पाहावे आणि १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही फुकट रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचा फोटो काढून रक्तस्राव नाही याची खात्री करून. म्हणून जिथे सीटी स्कॅन आहे असे मोठे इस्पितळ गाठावे. तोंडात पाणी, गोळी, औषध काहीही घालू नये. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जाते. तेल, रक्त, अंगारा यांत गेलेला प्रत्येक तास मेंदूतून वजा होतो.

काकांच्या त्या पहाटेनंतर आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाने वर्गणी काढून दंडावर बांधायचे एक मशीन घेतले. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी ते त्यांच्या यंत्राशी ताडून दिले आणि कसे मोजायचे ते शिकवले. आता दर रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर खुर्ची-टेबल मांडले जाते. पहिल्याच रविवारी अशा काही जणी निघाल्या, ज्यांना आपल्याला हा आजार आहे याची गंधवार्ताही नव्हती. त्यांना चिठ्ठी देऊन केंद्रावर पाठवले. औषध ओट्यावर कोणी देत नाही, ते डॉक्टरांचे काम.

वही लिहायला काकांची मुलगी बसते. नाव, तारीख, दोन्ही आकडे, गोळ्या संपण्याचा दिवस. जो रविवारी दिसला नाही त्याच्या दारात ती संध्याकाळी जाते. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध किती घेतले, गॅस कधी लावला हे काकू लिहितात. त्याच चौकोनात ती रोज काकांच्या गोळीची एक रेघ ओढते. परवा आम्ही गेलो तेव्हा चालू महिन्याची एकही रेघ चुकलेली नव्हती. कॅलेंडरला सुईने नर्सिंगच्या प्रवेशाचा नवा अर्ज टोचून ठेवला होता. त्याची शेवटची तारीख तिने लाल शाईने गोल केली होती.

तुमच्या घरच्या कॅलेंडरवरही अशी एक रेघ आजपासून सुरू करा.